एक नग

दुकानावर अजून जुनीच पाटी आहे:
कमीत कमी पन्नास नग.
बावीस वर्षं स्क्रीन ओढली मी,
उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला,
पण पन्नासाच्या खाली हात लावला नाही.
एका शर्टासाठी फ्रेम कोण धुणार?

मग पिंपरीतल्या एकाने धंदा गुंडाळला
आणि त्याचं मशीन माझ्याकडे आलं.
पतसंस्थेचे तीन लाख, माझ्या दोन पाटल्या,
धनकवडीच्या चढावर टेम्पोतून उतरवायला
चार हमाल आणि एक सणसणीत शिवी.
थेट कापडावर छापतं, तो म्हणाला होता,
कागदावर छापावं तसं.
कापड शाई पितं, हे नाही म्हणाला.

पहिल्या आठवड्यात सतरा शर्ट वाया.
गडद कापडावर आधी औषध फवारायचं;
कमी पडलं तर रंग आत बुडतो,
जास्त झालं तर शर्ट पापडासारखा उभा राहतो.
पुस्तकात ग्रॅम दिलेत. मी शेजारच्या
गोडांब्यांच्या मसाल्याचा काटा मागून आणला,
एकोणीस ग्रॅम, बरोबर,
आणि शर्टाला दिवसभर हिंगाचा वास.

शिकवायला तिरुप्पूरहून एळिलन आला, दोन दिवस.
त्याची हिंदी आणि माझी हिंदी
दोन टोकांकडून निघून
मध्येच कुठेतरी भेटायच्या, कधी चुकायच्या.
जाताना चप्पल घालता घालता म्हणाला,
अक्का, पांढऱ्याला रोज हलवायचं. रोज.
बाकीचे रंग शहाणे. पांढरी शाई जड,
एक रात्र सोडली की तळाला बसते,
चार सोडल्या की नळीत दगड.

म्हणून सोलापूरला भाचीच्या बारशाला गेले नाही.
मशीन आजारी आहे का, बहिणीने फोनवर विचारलं.
नाही गं, म्हटलं,
अंगावर पितंय अजून.

मे महिन्यात हवेतलं पाणीच संपलं,
भिंतीवरचा काटा बावीसवर,
छिद्रं सुकायला लागली.
मी ओले टॉवेल टांगले, बादल्या भरून ठेवल्या,
जिथे माणसांसाठी इतकी वर्षं
साधा कूलर नव्हता.
सकाळी चाचणीच्या रेघा काढायच्या, चष्मा लावून बघायच्या,
रेघ तुटली तिथे छिद्र बंद.

मग खांबेटे आले.
पाटी वाचली, आणि वाचूनही आत आले.
गडद निळा, सुती, एकच. पाठीवर मजकूर,
कागदावर लिहून आणलेला, पूर्णविरामांसकट:

मला ऐकू येत नाही.
हॉर्न वाजवून उपयोग नाही.
थांबा किंवा शेजारून जा.

रोज पहाटे चालत तळजाईला जातात.
मी बोटांनी किंमत दाखवली.
त्यांनी माझं एक बोट हळूच मिटवलं.

दुसऱ्या दिवशी परत. शर्ट काउंटरवर पसरला,
तिसऱ्या ओळीवर नख ठेवलं.
अनुस्वार कुठाय?

थाबा.

कापसाचा एक तंतू, पापणीच्या केसाएवढा,
नेमका त्या टिंबाच्या जागी पडून राहिला असणार,
शाई त्याने घेतली आणि उडून गेला.
छापण्याआधी चिकट रूळ फिरवायचा असतो.
एळिलनने सांगितलंच असेल,
दोन हिंदींच्या मध्ये गळलं.
पेनाने देऊ का टिंब? मी खुणेने विचारलं.
त्यांनी असं पाहिलं
की मी गुपचूप नवा शर्ट काढला.

दोन शर्ट, पैसे एकाचे.
पाटी उतरवायला शिडी लागेल, बघू.
चुकलेला मीच घालते,
सकाळी पांढरी शाई हलवताना.
मशीन सुरू झालं की मलाही ऐकू येत नाही,
गिऱ्हाईक मागून दोन हाका मारतं,
मग वाचतं,
आणि थाबतं.